अस्तरातली पिन

आमच्या मामाला मोजायची खोड आहे. जिना चढताना पायऱ्या मोजतो. त्याच जिन्याने तो गेली वीस वर्षं चढतोय, पायऱ्या कुठे पळून जाणार आहेत? दारातल्या चपला मोजतो. पाहुणे निघाले की त्यांच्या पिशव्या मोजून हातात देतो, त्यामुळे दोन-तीन नातेवाइकांचा असा पक्का समज झालाय की हा माणूस आपल्याला चोर समजतो. मामी म्हणते, "लग्नाच्या दिवशी बाकीचे नवरे बायकोकडे चोरून बघतात. हे खुर्च्या मोजत होते."

मामा शिंपी आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्मेवाला आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधल्या फटीत त्याचं दुकान आहे. फट हा शब्द मी विचार करून वापरलाय. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, आणि एक आरसा, ज्यात गिऱ्हाइकाला स्वतःचा डावा अर्धाच दिसतो. उजव्या अर्ध्याबद्दल मामा तोंडी खात्री देतो.

दुकान बंद करायच्या आधी मामा टाचण्या मोजतो. उशीत चाळीस टाचण्या भरल्याशिवाय शटर खाली येत नाही. एकदा एकोणचाळीस भरल्या, तर हा दुकान उघडं टाकून गिऱ्हाइकामागे धावत गेला आणि भर रस्त्यात त्याच्या कॉलरमध्ये हात घातला. गिऱ्हाईक निघालं साध्या कपड्यातला पोलीस. पुढचं सांगत बसत नाही. टाचणी मात्र कॉलरमध्येच होती.

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटायचं. मामा सात वर्षं फौजेत होता, आणि त्या सातांत एक लढाईही येऊन गेली होती, हे आम्हाला माहीत होतं. पण त्याचा टाचण्यांशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्याच्या मागे लागायचो.

"मामा, लढाईत तू काय केलंस?"

"माती उकरली."

"आणि?"

"परत बुजवली."

"आणि बंदूक?"

"साफ केली. भरपूर."

आम्ही त्याला काही वर्षं माळीमामा म्हणायचो. तो रागवायचा नाही. त्याची फौजेतली एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे त्याचा जाड लोकरी कोट, ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो एकतीस वर्षांत कुणी घातला नव्हता. त्या कोटावर माझा डोळा पडला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

यंदा मला नोकरी लागली, बटाट्यांच्या शीतगृहात. आवक किती, जावक किती, ते वहीत लिहायचं. आत बटाटे सुखात असतात आणि माणसं कुडकुडतात. पहिल्याच आठवड्यात माझं नाक वाहायला लागलं, तेव्हा मी मामाकडे कोट मागितला.

"त्या कोटाचं काय घेऊन बसलास? बाजारातून स्वेटर घे."

"द्या हो त्याला," मामी आतून म्हणाली. "ट्रंकेत ठेवून काय पिल्लं होणार आहेत कोटाला?"

मामीपुढे मामाचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात उभा राहिलो आणि त्याने माझ्या अंगावर टेप लावली.

"खांदे आहेत का रे तुला, भाचेबुवा? का मानच तशी खाली उतरत गेलीय?"

"तू शिवायचं काम कर. शरीर देवाने दिलंय."

"देवाकडे कापड कमी पडलं त्या दिवशी."

असं आमचं चाललं होतं. घेर कमी करायचा तर आधी अस्तर सोडवायला हवं, म्हणून मामाने कोट उलटा करून मांडीवर घेतला आणि ब्लेडने खालची शिवण उसवायला लागला. शेजारी किल्लीवाल्याची कानस करकरत होती. शिवण हातभर उघडली आणि आतून काहीतरी फरशीवर पडलं. टिक् एवढाच आवाज.

मला आधी वाटलं छत्रीची तार असेल. बोटाएवढी तार, मधे दुमडलेली, एका टोकाला कडी, वर गंजाचा पापुद्रा. मी उचलायला वाकलो.

"हात लावू नको," मामा म्हणाला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी वाकलेलाच राहिलो.

मामाने ती तार उचलली नाही. त्याने कोट सुलटा केला, छातीवरच्या डाव्या खिशात बोट घातलं. बोट आत गेलं, आणखी आत गेलं, आणि अस्तराच्या आतल्या बाजूने बाहेर आलं. खिशाच्या कोपऱ्यातली शिवण सुटलेली होती, फार तर दोन टाके.

"चौसष्ट," तो म्हणाला.

"काय चौसष्ट?"

त्या दिवशी मामाने टाचण्या न मोजता शटर ओढलं. किल्लीवाला कानस थांबवून बघत राहिला.

आता जे मी सांगणार आहे ते मामाने त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, मामीच्या आणि माझ्यासमोर सांगितलं. चहा गार झाला, तो परत तापवला, तो परत गार झाला. मधे मधे तो गप्प बसायचा आणि मामी त्याला चक्क हाताने ढोसून पुढे न्यायची.

मामा सुरुंग पेरणाऱ्या तुकडीत होता. माती उकरली आणि बुजवली हे त्याने आम्हाला खरंच सांगितलं होतं, मधलं एवढंच गाळलं होतं. एका ओळीवर तिघं. पहिला खड्डा करायचा, त्याला सगळे उंदीर म्हणत. दुसरा पेटीतले सुरुंग पाटीतून वाहून आणायचा आणि खड्ड्यात ठेवायचा. तिसरा मामा. मामाचं काम सुरुंगाची पिन काढायचं. पिन आहे तोवर सुरुंग म्हणजे नुसता डबा. पिन निघाली की तो जागा झाला. मग वर माती ओढायची आणि आपल्याच पावलावर पाऊल देत मागे यायचं.

काढलेली प्रत्येक पिन छातीच्या डाव्या खिशात टाकायची. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, विडी नाही, पत्र नाही. काम संपलं की हवालदार पिना मोजणार. जितक्या पिना तितके सुरुंग, आणि तोच आकडा नकाशावर चढणार. कारण पेरलेली जमीन पुढे कधीतरी कुणीतरी साफ करणार, आणि त्याच्या हातात त्या नकाशाशिवाय दुसरं काही नसणार. त्या सुरुंगांत लोखंड नावाला असायचं, धातू शोधायचं यंत्र वरून फिरवलं तरी ते गप्प.

"तुम्हाला शिंप्या म्हणायचे ना तिथे?" मामीने विचारलं. एवढं तिला ठाऊक होतं.

"हो. सगळ्यांची बटणं मी लावायचो. खिसे मीच शिवायचो. दर रविवारी तपासायचो सगळ्यांचे, ह्याच कारणासाठी." मामा थांबला. "सगळ्यांचे."

त्या दिवशी या तिघांकडे ओढ्याकाठच्या उतारावरच्या चार ओळी होत्या, प्रत्येक ओळीत सोळा. चार पेट्या, चौसष्ट सुरुंग. तीन ओळी नीट झाल्या. चौथी चालू असताना समोरच्या टेकडीवरून तोफा सुरू झाल्या. उजेड कलत होता. चौथी ओळ कशीबशी संपवून सगळे ओढ्यातून पलीकडे पळाले आणि खंदकात पडले. हवालदाराने तिथेच टोपी उलटी धरली आणि पिना टाकायला सांगितल्या. त्रेसष्ट भरल्या. परत मोजल्या. त्रेसष्ट. चारही पेट्या रिकाम्या.

"मी खिसा उलटा करून दाखवला," मामा म्हणाला. "शपथेवर सांगितलं, काढलेली प्रत्येक पिन दिली, आणि पिन न काढता एकही बुजवला नाही. दोन्ही खरंच होतं की माझ्या दृष्टीने."

मग उरलं काय? एक सुरुंग जमिनीत गेलाच नाही. म्हणजे वाहणाऱ्याने तो वाटेत कुठेतरी पाडला. ओढा ओलांडताना पाय घसरला असणार, पाटीतून एक पाण्यात गेला असणार. हवालदार त्याला म्हणाला, "घसरलास ना?"

तो म्हणाला, "मी घसरलो नाही."

"तीनदा म्हणाला," मामा म्हणाला. "मी मोजलंय. तीनदा म्हणाला, मी घसरलो नाही, सुरुंग खाली गेलेत सगळे."

हवालदारापुढे दोनच रस्ते होते. एक, कुणालातरी परत त्या उतारावर पाठवून ओळ तपासायची, तोफा चालू असताना. दुसरा, पाण्यात पडला असं वाहणाऱ्याकडून लिहून घ्यायचं. आणि परत पाठवायचं तर कुणाला? ज्याने पिना काढल्या त्याला. दुसऱ्या कुणाला पावलांची वाट माहीत नव्हती.

मामा मामीकडे न बघता म्हणाला, "मला परत जायचं नव्हतं. मी त्याच्याशेजारी सरकलो. म्हटलं, म्हण ना पडला म्हणून. काय जातंय तुझं? दोन दिवस संडासाचे खड्डे खणायला लावतील. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, अरे सही कर बाबा, सगळ्यांचा जीव वाचव. त्याने सही केली."

त्याला दोन दिवस नाही, दोन महिने खड्डे खणायला लावले. आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं घसऱ्या. हवालदाराने चौथ्या ओळीत सोळाच्या जागी पंधरा ठिपके काढले. महिन्याभरात उंदीर दुसरीकडे मेला. लढाई थांबल्यावर दुसऱ्या तुकडीने तो उतार साफ केला, नकाशाप्रमाणे त्रेसष्ट काढले आणि दाखला दिला: जमीन निर्धोक.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता चौसष्टावी पिन सापडली," मामा म्हणाला. "म्हणजे चौसष्टावा जागा आहे."

मग मामीने बायका ज्या आवाजात गॅस बंद केला का विचारतात त्या आवाजात विचारलं, "अहो, पण एकतीस वर्षं झाली. असता तर फुटला नसता का?"

"तो थांबतो. त्याचं कामच ते आहे."

"ते रान असेल हो. कुणी जात नसेल तिकडे."

इथे मी आगाऊपणा केला. फोनवर नकाशा उघडला, वरून फोटो काढतात तो. मामाने ओढ्याची दोन वळणं आणि विटांचा जुना पूल ओळखला. मग त्याचं बोट थांबलं. उतारावर रान नव्हतं. वरच्या बाजूला घरांच्या चार रांगा झाल्या होत्या, खाली पुलाजवळ एक लांब छप्पर आणि पुढे मैदान. मी मोठं करून बघितलं. शाळा. घरांपासून शाळेपर्यंत, उतारावरून तिरकी, एक पांढरी रेघ गेली होती. माणसं चालून चालून पडते तसली पायवाट.

"कुठे होती चौथी ओळ?" मी विचारलं.

मामाने पायवाटेवरून बोट फिरवलं, मग थोडं इकडे, थोडं तिकडे. "इथे कुठेतरी. अंधारत होतं. मी खाली बघत होतो, पिनेकडे. शेवटचे दोन-तीन कुठे ठेवले ते मी नाही, वाहणाऱ्याने ठरवलं. उंदीर दमला होता, म्हणून शेवटचे खड्डेही वाहणाऱ्यानेच केले."

मामीने फोन माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला. "जायला पाहिजे," ती म्हणाली. नाही म्हणणारी तीच होती, आणि जा म्हणणारीही तीच.

सोमवारी मी रजा टाकली. पहिल्याच महिन्यात रजा म्हटल्यावर शीतगृहाच्या मॅनेजरने मला आतल्या बटाट्यांपेक्षा थंड नजर दिली. आम्ही जुन्या सैनिकांचे कागद जिथे असतात त्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून फाईल काढली. तिला बांधलेली नाडी इतकी जुनी होती की सोडताना तुटली.

"हे बघा. दिले चौसष्ट. एक ओढ्यात पडला, जबाब जोडलेला आहे, सही आहे. राहिले त्रेसष्ट. काढले त्रेसष्ट. गणित जुळतंय." त्यांनी मामाकडे कीव आल्यासारखं बघितलं. "जुळलेलं गणित तुम्ही का बिघडवताय?"

मामाने रुमालात बांधलेली पिन टेबलावर ठेवली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, जणू पिनच फुटणार आहे.

"ही कुठल्या सुरुंगाची, कशावरून? तुम्ही सात वर्षं होता. शेकडो पिना काढल्या असतील."

"बाकी सगळीकडे आकडा जुळला होता, साहेब. एकदाच नाही जुळला."

साहेब माणूस वाईट नव्हता. दोनदा पाणी मागवलं. मग म्हणाले, "शोधपथक पाठवायचं तर उतार बंद करावा लागेल, शाळा बंद करावी लागेल. ओढ्यात पडला हा जबाब फाईलमध्ये असेपर्यंत वर कुणी ऐकणार नाही. तो देणारा माणूस हयात आहे?"

"आहे."

"त्याने लिहून दिलं की जबाब खोटा होता, तर हलवता येईल. पण हेही सांगतो, खोट्या जबाबावर सही केली म्हणून त्याची चौकशी होऊ शकते. पेन्शन अडकू शकते. तुमचीही."

मामाने मान हलवली. बाहेर आल्यावर त्याने पायऱ्या मोजल्या नाहीत. हे माझ्या लक्षात आलं, कारण मोजायची सवय आता मलाच लागली होती. अकरा होत्या.

घसऱ्या बसने सहा तासांवरच्या गावात राहतो. मामा त्याला एकतीस वर्षांत भेटला नव्हता, पत्ता मात्र खिशात होता, उजव्या. बसमध्ये मी मामाला हसवायचा प्रयत्न केला. कंडक्टरने दोन तिकिटं दिली, तर मी म्हटलं, मोजून घे. तो खिडकीबाहेर बघत बसला.

घसऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, एका गोदामाच्या भिंतीला टेकवलेलं. आम्ही गेलो तेव्हा तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. बारीक, उंच, मिशा पांढऱ्या, हातांना काळं वंगण कायमचं चिकटलेलं. त्याने वर बघितलं, परत घमेल्याकडे बघितलं.

"शिंप्या," तो म्हणाला. "जाड झालास."

"हो."

"बस. तो डबा पालथा कर आणि बस. हा कोण?"

"बहिणीचा मुलगा."

"हाही जाड होईल." बुडबुडा सापडला, त्याने तिथे खडूने खूण केली. "काय काम काढलंस? एवढ्या लांब पंक्चर काढायला आला नाहीस."

मामाने रुमाल सोडून पिन त्याच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. कोट, अस्तर, दोन टाके. घसऱ्याने पिन घेतली, पकडीत धरून उजेडाला बघितली. मग तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"पलटणीचे खिसे शिवणारा!"

"हो."

"आणि आता मी काय करायचं? पेढे वाटू?" त्याने पिन वंगणाच्या डब्याशेजारी ठेवली. "ऐक. मी घसरलो होतो. माझा पाय शेवाळावर पडला, पाटी कलली, आणि एक गेला पाण्यात. बुडुक्. माझ्या नातीला विचार, तिला पाठ आहे. मी तिला घसरून दाखवतो, ती इथे हसून लोळते. गावात कुणी नवा आला की लोक म्हणतात, घसऱ्या, ती गोष्ट सांग. मी सांगतो. चहा मिळतो. एकतीस वर्षं सांगतोय. आता मला स्वतःला ते शेवाळ दिसतं, शिंप्या. हिरवं. तू आता येऊन म्हणतोस शेवाळ नव्हतंच?"

"नव्हतं."

"मग मी एकतीस वर्षं काय होतो? सांग की. गाढव?"

गोदामात कुणीतरी पोती टाकत होतं, त्याचा दण् दण् आवाज येत होता.

"तेव्हा तू म्हणालास, काय जातंय तुझं," घसऱ्या म्हणाला. "आठवतं?"

"रोज."

"रोज आठवत होतं तर एक पोस्टकार्ड टाकायचं. आज आलास, ते पिन सापडली म्हणून. नसती सापडली तर?"

"नसतो आलो," मामा म्हणाला.

मला वाटलं, आता हा पकड फेकून मारणार. पण या उत्तराने तो उलट शांत झाला. पायाशी पडलेली ट्यूब उचलून त्याने घासायला घेतली, आणि घासता घासता म्हणाला, "माझी बायको आजारी असते. पेन्शनवर औषधं चालतात. खोटी सही केली असं लिहून दिलं आणि पेन्शन थांबली, तर तू शिवणार आहेस का ते भोक?"

"माझ्या जबाबात मी लिहिलंय, की मी तुला भरीस घातलं. आधी मला धरतील."

"मोठा आलास. लिही तू. मी नाही लिहिणार. जा. सहाची बस आहे."

मामा उठला. खरंच उठला, पिन उचलून रुमालात बांधायला लागला. तेव्हा मी दुसऱ्यांदा आगाऊपणा केला. फोन काढून तो नकाशा घसऱ्यापुढे धरला, काही न बोलता. त्याने डोळे बारीक केले.

"हा पूल?"

"तोच."

"हे काय, छप्पर?"

"शाळा."

"आणि ही पांढरी रेघ?"

"पायवाट. मुलं जातात."

त्याने काळं बोट काचेवर टेकवलं, आणि चित्र त्याच्या बोटाखाली सरकलं तसा दचकला. मी ते परत जागेवर आणलं आणि मोठं केलं. तो खूप वेळ बघत होता. बोट रेघेवरून वर गेलं, एका करड्या ठिपक्यापाशी थांबलं.

"हा खडक आहे अजून," तो म्हणाला. "बैलाच्या पाठीसारखा खडक. उंदराला तिथे धाप लागली. मी म्हटलं, आण फावडं. खडकाच्या अलीकडे जमीन कडक होती, म्हणून मी शेवटचा पलीकडे घातला. अलीकडे नाही, पलीकडे, खडकापासून दोन पावलं. तू मागून आलास, पिन काढलीस, माती ओढलीस. तेवढ्यात एक गोळा जवळ पडला आणि तू खिशावर हात मारून पळालास. मी पाहिलं की तुला खिशात टाकताना."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते. शेवाळ गेलं होतं. तो डब्यावर बसला आणि हात पुसायला फडकं शोधायला लागला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

मग त्याने माझ्याकडून कागद मागितला. मी मोठा मजकूर सांगायला तयारच होतो, कचेरीच्या भाषेत, "खाली सही करणार" वगैरे. त्याने हात हलवून मला गप्प केलं. वाकड्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ होती: मी घसरलो नव्हतो. बाकीच्या तीन खडकाविषयी. सही करून त्याने कागदावरचा वंगणाचा डाग पुसायला घेतला, तो आणखी पसरला.

"जा आता," तो मामाला म्हणाला. "आणि पुन्हा येऊ नको. आलास तर सायकल घेऊन ये."

कागद पोचला, तरी शोधपथक जायला सतरा दिवस लागले. कचेरीतल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शाळेला कळवून पायवाट दोरीने बंद करवली, एवढं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर केलं. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. त्या सतरा दिवसांत मामाने सगळ्यांचे कपडे वेळेवर दिले, आणि एकाही कपड्याचं माप बरोबर आलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन पाय दोन लांबीचे झाले. तो तक्रार घेऊन आला, तर मामा म्हणाला, "पाय आहेत ना दोन? देवाचे आभार माना." गिऱ्हाईक चकित होऊन परत गेलं.

अठराव्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन दुकानात आला. मी तिथेच होतो, कोटाचं बघायला गेलो होतो. मामाने ऐकलं, "हो साहेब" म्हणाला तीनदा, आणि रिसीव्हर ठेवला.

"सापडला," तो म्हणाला. "खडकाच्या पलीकडे, दोन पावलांवर. वीतभर खोल. जागेवरच उडवला. कुणाला काही झालं नाही."

मी टाळी वाजवली. किल्लीवाला काय झालं म्हणून डोकावला. मामाचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"त्या खडकावर मुलं बसतात, म्हणे. शाळा सुटल्यावर. खाली उड्या मारतात."

"मामा, सापडला ना? उडवला ना?"

"शंभर मुलं धर," तो म्हणाला. "दिवसाला दोन खेपा. वर्षाचे दोनशे दिवस." आणि त्याने मशीनवरचा खडू उचलून माझ्या कोटाच्या बाहीवर आकडे मांडायला सुरुवात केली. आतापर्यंत कधीही मोजदादीवरून मी त्याला चिडवायचं सोडलं नव्हतं. तेव्हा सोडलं. तो एकतीसने गुणत होता, चुकत होता, खोडत होता.

दुपारी परत फोन वाजला. या वेळी मी उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही, नुसता सायकलच्या घंटीचा आवाज आला. मी रिसीव्हर मामाला दिला. घसऱ्याचा आवाज असा की मलाही ऐकू येत होता.

"शिंप्या. मलाही फोन आला कचेरीतून. चौकशी लागलीय माझी. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"मलाही बोलावलंय. मी आधी बोलतो तिथे."

"बोल. आणखी एक. खडकाच्या पलीकडेच होता ना?"

"पलीकडेच."

"मी म्हटलं होतं, सगळे खाली गेलेत. मी घसरलो नाही."

"म्हटलं होतंस."

"किती वेळा म्हटलं होतं?"

मामा लगेच म्हणाला, "तीनदा." याबद्दल त्याला शंका नव्हती.

"चारदा," घसऱ्या म्हणाला. "सही करताना तुला एकट्याला म्हटलं होतं. कानात." आणि त्याने फोन ठेवला.

मामा रिसीव्हर कानाला धरून उभाच होता. मग त्याने तो ठेवला, स्टुलावर बसला आणि माझा कोट ओढून घेतला. डाव्या खिशाचा कोपरा त्याने हाताने शिवायला घेतला, बारीक टाके, एकावर एक. मी मोजत होतो. दोन टाक्यांच्या जागी तो वीसवर गेला, पंचविसावर गेला, आणि सुई अजून चालूच होती.